नवसाबाई मनमिळाऊ नव्हती

घोटी,
६ डिसेंबर २०२४

चि. जीवन यास,

आशीर्वाद आहेत, पण मोजून.

तीन दिवसांत तू मला अकरा फोन केलेस. मी एकही उचलला नाही, आणि यात नेटवर्कचा काही दोष नाही. मी तुझ्याशी अबोला धरला आहे. अबोला तोंडाचा असतो, पेनाला तो लागू नाही, म्हणून हे पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "आजी, व्हॉट्सअॅप करा की." तिला म्हटलं, त्यावर भाचा दोन हात जोडलेली चित्रं पाठवतो.

मंगळवारी नाशकात गंगेच्या घाटावर नवसाबाईच्या दशक्रियेला माईक तुझ्या हातात होता, तो माझ्यामुळे. मीच खंडेरावला म्हटलं होतं, माझा भाचा नाशिकभर सूत्रसंचालन करतो, छान बोलतो, तुझ्या आईबद्दल चार शब्द त्यालाच बोलू दे. आणि तू काय बोललास? "अत्यंत मनमिळाऊ आणि मितभाषी व्यक्तिमत्त्व काळाच्या पडद्याआड गेलं." मितभाषी! मखमलाबादच्या मळ्यात ती बोलायला लागली की रस्त्यावरचा रिक्षावाला रिक्षा थांबवायचा. पुढे म्हणालास, "सहकार क्षेत्रातला दीपस्तंभ हरपला." अरे, ती कुठल्या सोसायटीची साधी सभासद नव्हती. तुझ्या कागदावर आदल्या कुणा चेअरमनची ओळ राहून गेली होती ना? खरं सांग.

परक्या माणसाने हे केलं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण मी मखमलाबादला शिकवत होते तेव्हा तू दर मे महिन्यात माझ्याकडे शाळेच्या खोलीत राहायला यायचास. तिसरीत असताना तू तिच्या शेवंतीच्या वाफ्यात सायकल घातलीस. तिने ती आठ दिवस जप्त केली. मी सोडवायला गेले तर मलाच ऐकवलं, "बाई, शाळंत पोरांना ब्रेक लावायला शिकवीत नाय का?" नवव्या दिवशी पंक्चर काढून, घंटी बसवून सायकल दारात आणून ठेवली. त्या नवसाबाईवर बोलताना तुला "मनमिळाऊ" सुचावं?

कावळासुद्धा तासभर पिंडाला शिवला नाही. मळा नीट सांभाळू, असं खंडेराव हात जोडून म्हणाला, सुनेने नातीच्या शिक्षणाचं कबूल केलं, तरी कावळा आपला लांब कठड्यावर बसून तुझं भाषण ऐकत होता. शेवटी मी पुढे झाले, हळूच काही बोलले, आणि तो आला. काय बोलले ते तुला सांगणार नाही.

सोळा फेब्रुवारीला तुझं लग्न आहे. तुझ्या आईच्या जागी मी उभी राहीनच. हळद लावीन, ओवाळीन. पण तोंडातून शब्द काढणार नाही. अबोला सुटायचा तर एकच अट आहे. नवसाबाईबद्दल एक खरं वाक्य लिहून पाठव. ते तिच्याशिवाय जगात दुसऱ्या कुणालाही लागू पडता कामा नये.

प्रतिभामावशी

*

पंचवटी, नाशिक,
११ डिसेंबर २०२४

ती. मावशीस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मन हेलावून गेलं. घडल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. चेअरमनची ओळ राहिली होती, हे खरं आहे. ते नवसाआजीच्या आदल्याच दिवशी गेले, त्यांचा दहावा सोमवारी झाला. नाव बदललं, खालची ओळ बदलायची राहिली.

पण मावशी, तू फक्त ऐकत होतीस, मला तिथे उभं राहायचं असतं. घाटावर दोनशे माणसं, समोर रडून डोळे सुजलेले घरचे, बाजूला "मला दोन मिनिटं दे" म्हणून खुणावणारे चार पुढारी. "पोकळी" म्हटलं की सगळ्यांना कळतं, आता मान खाली घालायची. "काळाच्या पडद्याआड" म्हटलं की मागचा माणूस मोबाइल खिशात ठेवतो. हे शब्द मंडपवाल्याच्या खुर्च्यांसारखे आहेत. त्या कुणाच्याच नसतात, पण दमलेल्या माणसाला बसता येतं.

तुझ्या अटीप्रमाणे वाक्य पाठवतो: "नवसाआजी म्हणजे फणस, वरून काटेरी आणि आतून गोड."

आता तरी फोन उचल. तू मुकी उभी असशील तर मला लग्न लागल्यासारखं वाटणारच नाही. हे मात्र कुठल्या कागदावरून घेतलेलं नाही. साक्षीलाही आपल्या होणाऱ्या मावससासूशी बोलायचं आहे. थंडी वाढली आहे, काळजी घे.

तुझा,
जीवन

*

घोटी,
१६ डिसेंबर २०२४

चि. जीवन,

तुझं पत्र तपासून सोबत परत पाठवलं आहे. लाल शाईने नऊ ठिकाणी खुणा आहेत. "सा. न. वि. वि." ला हात लावलेला नाही, ते आमच्या काळचं आहे.

खुर्च्यांचं तुझं म्हणणं मला पटलं, आणि पटलं म्हणून जास्त राग आला. दमलेल्यांना बसू दे, पण जिच्यासाठी सगळे जमले तिलाही त्याच खुर्चीवर बसवायचं? आणि फणस! आपल्याकडची सगळी रागीट माणसं मेल्यावर फणस होतात. माझे सासरे फणस, आमचे केंद्रप्रमुख फणस. एवढे फणस कोकणातही पिकत नसतील. वाक्य नापास.

पत्राच्या शेवटी जे दोन शब्द लिहिलेस ते मला पुन्हा लिहायचे नाहीत. बाकीचे वाट्टेल ते वापर, "पोकळी" वापर, "दीपस्तंभ" वापर, पण ते दोन नकोत.

भावना कशा असतात ते प्रफुल्लकडून शिक. मखमलाबादच्या शाळेतला माझा जुना विद्यार्थी, टेम्पोने भाजी घेऊन घोटीला येतो. यंदा दसऱ्याला आणि दिवाळीला दारात पांढऱ्या शेवंतीची जुडी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि गुरुदक्षिणा, ऋणानुबंध असलं एक अक्षर बोलला नाही. "छान आहेत रे," म्हटलं तर मान हलवून गेला. मार्गशीर्षातल्या गुरुवारी मात्र फिरकला नाही. टेम्पो बिघडला असेल.

मला मदत मागू नकोस. ज्यांच्याशी ती भांडली त्यांना जाऊन भेट. फार शोधावं लागणार नाही.

मावशी

*

नाशिक,
२ जानेवारी २०२५

ती. मावशी,

सा. न. वि. वि. (तुझ्या परवानगीने).

आधी माझी फजिती सांगतो. तुझ्या लाल शाईचा धसका घेऊन एका व्यायामशाळेच्या उद्घाटनाला मी ठरवलं, खरं तेवढंच बोलायचं. पाहुण्यांना "कार्यसम्राट" म्हटलं नाही. "आपल्या व्यग्र कार्यक्रमातून वेळात वेळ काढून" हेही नाही. म्हटलं, "पाहुणे आले आहेत. पाऊण तास उशिरा आले आहेत. आता नारळ फोडतील." लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "जीवनभाऊ, आमचं काही चुकलं का?" पुढचा कार्यक्रम त्यांनी दुसऱ्याला दिला. साक्षी हसून हसून बेजार झाली. ती आता मी फोनवर किती वेळा "बाकी काय" म्हणतो ते मोजते. परवा सतरा झाले.

तू म्हणालीस तसं भांडणं गोळा करायला निघालो. एक शोधायला गेलो की तीन मिळतात. बसच्या कंडक्टरशी ती भांडली, कारण तो मळ्याच्या फाट्यावर गाडी थांबवत नव्हता. ती फुलांची पाटी घेऊन रस्त्याच्या मधोमध बसली. आज तिथे थांबा आहे. शेजारच्याशी भांडली, कारण त्याचा ट्रॅक्टर तिच्या बांधावरून जायचा, आणि त्याच शेजाऱ्याची बायको बाळंत झाली तेव्हा महिनाभर तिच्या घरी डिंकाचे लाडू वळत होती. लाडू वळतानाही बांधावरून भांडतच होती म्हणे.

पण मला लागलं ते फुलबाजारातलं. तिथे मल्हारीकाका म्हणून व्यापारी आहेत. सगळ्यांची फुलं एका ढिगात ओतून विकायची अशी तिथली रीत. नवसाआजीला ती मान्य नव्हती. काका म्हणाले, "सतरा वर्षं भांडली वो माझ्याशी. म्हनायची, माझी फुलं माझ्या नावानं इक, ढिगात घालायची नाय. मी म्हनायचो, आजी, फूल ते फूल, नाव कोन इचारतंय? तर म्हनायची, मी इचारते. मंग तिच्यासाठी येगळं पोतं आंथरायचो. आता पोरगा येतो, ढिगात ओततो अन गुमान जातो. बाजारात करमत नाय बघा."

मी त्यांच्यासमोर उभा होतो आणि मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी घाटावर मीही तेच केलं होतं, मावशी. तिला ढिगात ओतलं.

परतताना खंडेरावकडे गेलो. चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, "बाईंचं अन आईचं श्रावणापासून बोलणं नव्हतं." हे खरं का? आणि तू परत पाठवलेल्या पत्रात ते शेवटचे दोन शब्द इतके जोरात खोडले आहेस की कागद फाटला आहे. का?

जीवन

*

नाशिक,
१४ जानेवारी २०२५

ती. मावशी,

बारा दिवस झाले, तुझं उत्तर नाही. महेशदादाला फोन केला. तो म्हणाला, आई ठीक आहे, पण टीव्ही बंद करून बसते. एरवी बातम्यांतल्या "नेमकं काय घडलं, पाहूया सविस्तर" वर तू मोठ्याने भांडतेस ते ऐकू येत नाही म्हणून तोही अस्वस्थ आहे.

मी विचारलं ते चुकलं असेल तर विसरून जा. तिळगूळ पाठवतोय. त्याच्यासोबत म्हणायचं ते म्हणत नाही, कारण आपलं बोलणं बंद आहे.

जीवन

*

घोटी,
१८ जानेवारी २०२५

चि. जीवन,

तिळगूळ मिळाला. कडक आहे, पण खाल्ला.

खंडेराव म्हणाला ते खरं आहे.

श्रावणात एका संध्याकाळी तिचा फोन आला. म्हणाली, "बाई, चार पावलं चालले की दम लागतो गं." माझ्या टीव्हीवर मालिका सुरू होती. मी म्हटलं, "काळजी घे हो," आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा फोन. तिने नमस्कारही केला नाही. "काळजी घे म्हंजी काय गं? कुठं मिळती ती, फुलबाजारात? मी दम लागतो म्हनले, तू ये म्हनलं असतंस, येते म्हनलं असतंस. काळजी घे म्हनून फोन ठिवतीस व्हय?" मलाही राग आला. मी मास्तरीण, मला कुणी बोलायला शिकवायचं नाही. म्हटलं, "तुझ्याशी बोलण्यात काही अर्थ नाही." बस्स. तिथून अबोला.

आमचे अबोले नेहमीचे. तीस वर्षांत पंधरा-वीस झाले असतील. दरवेळी ती दसऱ्याला फुलं घेऊन यायची, "तुझं तोंड बघायला नाय आले, फुलं वाया जात व्हती," म्हणायची आणि अबोला संपायचा. यंदा ती आली नाही. मी वाट बघत बसले आणि गेले नाही. घोटी ते नाशिक एवढंसं अंतर, पण मी गेले नाही. नोव्हेंबरात निरोप आला तो ती गेल्याचा.

तुझ्यावर चिडले, ते खरं तर स्वतःवरच चिडले होते. तुझी "पोकळी" कुणाला लागली नाही. माझ्या दोन शब्दांनी माझी मैत्रीण दुखावली, आणि ते दुरुस्त करायला लाल शाई नाही. हे मी महेशलाही सांगितलेलं नाही.

तुला अट घातली होती, ती मागे घेते. लग्नात बोलेन. आता फार लिहवत नाही.

मावशी

*

नाशिक,
२५ जानेवारी २०२५

माझ्या मावशीला,

अट मागे घेऊ नकोस. मी वाक्य आणलं आहे. पण आधी दुसरी गोष्ट ऐक, आणि ऐकताना खुर्चीवर नीट टेकून बस.

तुझं पत्र वाचून मला ती शेवंती आठवली. पांढरी शेवंती, ओल्या फडक्यात. भाजीचा टेम्पो भरणारा प्रफुल्ल पांढरी शेवंती आणेल कुठून? मी भल्या सकाळी त्याला मार्केटमध्ये गाठलं. विचारलं, बाईंना फुलं कोणाची द्यायचास? तर हा सहा फुटी माणूस इकडेतिकडे बघायला लागला, जणू ती मागे उभी आहे. मग म्हणाला, "दादा, आजीनं शपथ घातली व्हती. बाईला सांगशील तर टेम्पोम्होरं आडवी पडीन, म्हनली."

मावशी, दसऱ्याची फुलं नवसाआजीची होती. दिवाळीचीही. तुझा तो भावना न बोलणारा आदर्श विद्यार्थी गुरुभक्तीने गप्प नव्हता, तो तिला घाबरून गप्प होता! ती गेल्यावरही शपथ मोडायची त्याची हिंमत झाली नाही, म्हणून मार्गशीर्षात तुझ्या दाराकडे फिरकला नाही.

मी विचारलं, पण सांगायचं का नाही? तो म्हणाला, "आजी म्हनली, बाईला कळलं तर ती लगेच बोलायला येईल, अन मला आजून रुसायचंय. लय दिसांनी चांगलं भांडन मिळालंय."

आणि प्रत्येक वेळी परत आल्यावर ती त्याला उभं करून विचारायची: फुलं हातात घेतली का? कुठं ठेवली? काय म्हणली? दसऱ्याला तो म्हणाला, "छान आहेत, म्हनल्या." त्यावर ती खवळली. "छान! छान म्हंजी काय? वहीवर शेरा देती तशी!" मग दिवाळीला दुप्पट मोठी जुडी पाठवली. "बघू आता काय म्हनती," म्हणाली आणि स्वतःशीच हसली. खंडेराव सांगतो, दिवाळीत ती खुशीत होती. दमही लागायचा आणि खुशीतही होती. रुसवा कधी सोडायचा याचा मुहूर्त तिने ठरवून ठेवला होता: माझं लग्न. "जीवनच्या लग्नात बाईला सगळ्यांसमोर ऐकवीन," असं सुनेला म्हणाली होती. तिला तेवढा वेळ मिळाला नाही. पण मावशी, ती दुखावलेली गेली नाही, ती भांडणाच्या ऐन रंगात गेली.

आता वाक्य:

"नवसाआजीने आपली फुलं कधी कुणाच्या ढिगात घालू दिली नाहीत, आणि त्यातली सगळ्यात चांगली, जिच्याशी भांडण चालू होतं तिला पाठवली."

जरा लांबलं आहे. पण यातला एक शब्दही दुसऱ्या कुणाच्या दहाव्याला वापरता येणार नाही, मी प्रयत्न करून बघितला. खंडेरावला वाचून दाखवलं, तर तो आधी हसला आणि मग गोठ्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून फुलबाजारात त्याने वेगळं पोतं अंथरायला सांगितलं आहे. मल्हारीकाकांनी पहिल्याच दिवशी त्याच्याशी भांडण काढलं. दोघंही खूश आहेत.

तुझा,
जीवन

*

घोटी,
१ फेब्रुवारी २०२५

चि. जीवन,

वाक्य पास. एकही खूण नाही. पेन हातात घेऊन बसले होते, टोपण उघडलंच नाही.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले आणि तिसऱ्यांदा तिच्याशी भांडले. "आजून रुसायचंय" म्हणे! चार महिने मी इथे जीव जाळत होते आणि ही तिकडे दुप्पट जुडी बांधून हसत होती. महेश धावत आला, आई, कोणाशी बोलतेस? म्हटलं, मैत्रिणीशी. आणि टीव्ही लाव रे, आज मला कुणाशीतरी भांडायचं आहे.

प्रफुल्ललाही बोलावून घेतलं. दारात मान खाली घालून उभा होता. चौथीत गृहपाठ विसरल्यावर उभा राहायचा अगदी तसा. त्याला पोटभर थालीपीठ खायला घातलं.

खरं सांगू? ती शेवंती तिची असेल असं माझ्या मनात आलं होतं. एवढी दाट शेवंती दुसऱ्या कुणाच्या वाफ्यात होत नाही. पण मी प्रफुल्लला विचारलं नाही, कारण तो "नाही" म्हणाला असता तर? म्हणून "छान आहेत" म्हणून टाकलं. तिचं बरोबर होतं, तो शेराच होता.

घाटावर कावळ्यापाशी काय बोलले ते आता सांगते. सगळे तिला काही ना काही कबूल करत होते. मी म्हटलं, "नवसा, उशीर झाला गं, पण मी आलेय." तेवढंच. आणि तो आला. लोक म्हणतात तसं असतं की नसतं, मला माहीत नाही. पण त्या वेळी मला वाटलं, तिने ऐकलं आणि मनात म्हणाली असेल, आता आलीस व्हय.

आता लग्नाचं. मुंडावळ्या बाजारातून आणू नकोस. खंडेरावला सांगितलं आहे, तुमच्या दोघांच्या मुंडावळ्या तिच्या शेवंतीच्या होतील. माईक कुणा मित्राकडे देऊ नकोस, मी घेणार आहे. नवसाबाईने मला सगळ्यांसमोर काय ऐकवलं असतं, ते मी तिच्या वतीने मला ऐकवणार आहे. तिचं राहिलेलं भांडण आहे, वाया कशाला घालवायचं? आणि साक्षीला सांग, आल्यावर आधी तिच्याशी बोलेन, तुझ्याशी नंतर.

हे फोनवर सांगता आलं असतं. अबोला सुटला आहे, कालपासून तुझे दोन फोनही वाजून गेले. पण पहिला शब्द मला समोर उभं राहून बोलायचा आहे.

काल महेश सांगत होता, तू रात्रंदिवस धावपळ करतोस, जेवणाचं भान नाही, खोकला झाला आहे. पत्राच्या शेवटी अशा वेळी काय लिहायची पद्धत आहे ते तुला माहीत आहे. मी ते लिहीत नाही. सोमवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी येते.

तुझी,
मावशी